पी. जी. वुडहाउस

सर पेल्हम ग्रेनव्हिल वुडहाउस (१५ ऑक्टोबर १८८१ – १४ फेब्रुवारी १९७५) हे इंग्रजी विनोदी कादंबरीकार, कथाकार, नाट्यलेखक आणि गीतकार होते. जीव्ह्ज हा बुद्धिमान सेवक, त्याचा भाबडा धनी बर्टी वूस्टर, तसेच ब्लँडिंग्ज कॅसलमध्ये आपल्या पारितोषिकप्राप्त डुकरिणीच्या चिंतेत मग्न असलेले लॉर्ड एम्सवर्थ ही त्यांची पात्रे जगभरच्या वाचकांच्या परिचयाची आहेत. सत्तर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या लेखनातून त्यांची नव्वदहून अधिक पुस्तके निर्माण झाली. इतक्या विपुल लेखनामागे प्रतिभेइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, त्यांची कडक दिनचर्या होती. या दिनचर्येने त्यांना बंदिवासातही तारले. मात्र तिच्यातून आलेल्या अलिप्ततेची जबर किंमतही त्यांना मोजावी लागली.

बालपण आणि शिक्षण

वुडहाउस यांचा जन्म इंग्लंडमधील सरे परगण्यातील गिल्डफर्ड येथे झाला. त्यांचे वडील हाँगकाँगमध्ये ब्रिटिश सरकारचे न्यायदंडाधिकारी होते. त्या काळच्या वसाहतींतील इंग्रज कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे मुलांना लहानपणीच मायदेशी ठेवण्यात आले. तिसऱ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत पेल्हम यांना आईवडिलांचा सहवास सगळा मिळून जेमतेम सहा महिने लाभला. दाया, वसतिगृहे आणि अनेक मावश्या व आत्या यांच्या देखरेखीखाली ते वाढले. त्यांच्या कथांतून दरारा गाजवणाऱ्या मावश्या-आत्यांचा जो ताफा दिसतो, त्याचे मूळ येथे शोधता येते.

१८९४ साली ते लंडनजवळच्या डलिच कॉलेज या शाळेत दाखल झाले. घंटेच्या ठोक्यावर चालणारे तेथील आयुष्य या घर हरवलेल्या मुलाला मनापासून मानवले. अभ्यास, क्रिकेट, रग्बी आणि शाळेच्या नियतकालिकाचे संपादन यांत ते रमले. ठरलेल्या वेळी ठरलेले काम करण्यात त्यांना जी सुरक्षितता वाटे, तिची सुरुवात बहुधा या शाळेतच झाली असावी. पुढे जगात कोठेही असले तरी शाळेच्या सामन्यांचे निकाल ते आस्थेने विचारीत.

शाळेनंतर ऑक्सफर्डला जाण्याची त्यांची इच्छा होती. पण ती पुरी झाली नाही. या निराशेला आपला रुपया कारणीभूत झाला, हे मराठी वाचकांना गमतीचे वाटेल. वडिलांचे निवृत्तिवेतन रुपयांत मिळत असे आणि त्या काळी पौंडाच्या तुलनेत रुपयाची किंमत सतत खाली जात होती. दोन मुलांना विद्यापीठात पाठवणे वडिलांना झेपण्यासारखे नव्हते.

बँक आणि वृत्तपत्र

सप्टेंबर १९०० मध्ये वुडहाउस हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन शाखेत नोकरीला लागले. बँकेच्या हिशेबात त्यांना गती नव्हती. दिवसभर खातेवह्या सांभाळायच्या आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत बसून लिहायचे, असा क्रम त्यांनी सुरू केला. लेखनातून मिळालेल्या प्रत्येक रकमेची नोंद ते एका वहीत करीत. गालगुंडाच्या आजारात तीन आठवड्यांची सक्तीची विश्रांती मिळाली, तेव्हा त्यांनी एकोणीस कथा लिहून काढल्या; त्या सर्व साभार परत आल्या, हा भाग वेगळा.

१९०२ साली त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यात त्यांनी बँक सोडली. ‘ग्लोब’ या सायंदैनिकात ताज्या बातम्यांवर चुरचुरीत मजकूर देणारे एक सदर त्यांच्याकडे आले. सकाळी कचेरीत यायचे, त्या दिवशीची वर्तमानपत्रे चाळायची आणि दुपारपूर्वी विनोदी मजकूर व श्लोकवजा कविता छपाईला द्यायच्या, असे हे काम होते. मन प्रसन्न असो वा नसो, घड्याळ थांबत नसे. विनोद सुचेपर्यंत वाट पाहण्याची चैन या नोकरीत परवडणारी नव्हती. सकाळचा वेळ लेखनासाठी राखण्याची त्यांची आयुष्यभराची सवय येथे पक्की झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९०४ मध्ये ते प्रथम अमेरिकेस गेले. ३० सप्टेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्क येथे एथेल वेमन या विधवेशी त्यांचा विवाह झाला. तिची मुलगी लिओनोरा हिला त्यांनी स्वतःचे नाव दिले आणि तिच्यावर जिवापाड प्रेम केले. एथेल बोलकी, खर्चिक आणि मेजवान्यांची हौशी होती. वुडहाउस मितभाषी आणि लोकांना टाळणारे. तरीही हा संसार साठ वर्षे टिकला, याचे बरेचसे श्रेय एथेलला द्यावे लागते. पैसा, घर आणि प्रवास यांचा सारा व्याप तिने अंगावर घेतला आणि पतीच्या सकाळच्या वेळात कोणालाही शिरू दिले नाही. १९१५ पासून ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या. त्याच वर्षी जीव्ह्ज हे पात्र प्रथम अवतरले. गाय बोल्टन आणि संगीतकार जेरोम कर्न यांच्यासह त्यांनी ब्रॉडवेवरील संगीतिकांसाठीही लेखन केले.

लेखनपद्धती

वुडहाउस यांची कादंबरी वाचताना सारे सहज सुचत गेले असावे असा भास होतो. प्रत्यक्षात पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी ते कथानकाची टिपणे काढीत आणि एका कादंबरीसाठी अशा टिपणांची सुमारे चारशे पाने होत. कोण कोणत्या खोलीत कधी शिरते, चोरलेली वस्तू कोणाच्या हाती जाते, कोणाचे लग्न कोणत्या प्रसंगी मोडते, याचा आराखडा पुरा झाल्याशिवाय ते कादंबरीला हात घालीत नसत. संगीतिकांच्या अनुभवामुळे ते कादंबरीकडेही रंगभूमीच्या नजरेने पाहत. ठळक पात्राला ठरावीक अंतराने वाचकांसमोर आणलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

आराखडा तयार झाल्यावर मात्र लेखन झपाट्याने होई. उमेदीच्या काळात ते दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द लिहीत. नव्वदीच्या उंबरठ्यावर हा वेग हजार शब्दांवर आला. एके काळी ते लिहिलेली पाने खोलीच्या भिंतीवर टाचून ठेवीत. जे पान मनासारखे उतरले नसेल ते खाली, जे सुधारले ते वर. रोज भिंतीपुढून फिरत ते एकेक पान उचलीत, दुरुस्त करीत आणि पुन्हा लावीत. सर्व पाने एका ठरावीक उंचीवर पोहोचली की हस्तलिखित तयार झाले असे ते मानीत.

त्यांनी लघुलेखकाला मजकूर सांगून पाहिला. पण समोर एक माणूस बसला आहे या जाणिवेने त्यांना संकोच वाटू लागला. मग ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणले. त्यावर स्वतःचा आवाज ऐकताना एखादा गंभीर मुख्याध्यापक प्रार्थनेच्या वेळी उपदेश करीत आहे असे त्यांना वाटले आणि विनोदाचा तर मागमूसही लागेना. ते यंत्र त्यांनी लगेच विकून टाकले. पेन्सिल, टाइपरायटर आणि पाईप ही तीनच साधने त्यांना पुरली.

१९३० साली हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेने त्यांना आठवड्याला दोन हजार डॉलर देऊन बोलावले. काम फारसे नव्हतेच. वुडहाउस घरी बसून स्वतःचे लेखन करीत आणि तलावात पोहत. वर्षाच्या शेवटी एका वार्ताहराला त्यांनी हे निरागसपणे सांगून टाकले, त्याचा बराच गवगवा झाला. मुलाखतीत काय बोलावे आणि काय बोलू नये, याचा पोच त्यांना नव्हता, हे या प्रसंगातून प्रथम जाहीर झाले. दहा वर्षांनी याच दोषाचे परिणाम फार गंभीर झाले.

युद्ध, बंदिवास आणि नभोवाणीवरील भाषणे

१९३४ पासून वुडहाउस दांपत्य फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ल तुके या गावी राहत होते. जून १९३९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून जाता आले नाही तेथे ते असे पोहोचले. पुढल्याच वर्षी, मे १९४० मध्ये, जर्मन सैन्य ल तुकेत शिरले. सकाळी लेखन, दुपारी कुत्र्यांना घेऊन फेरफटका, संध्याकाळी वाचन या क्रमात गढलेल्या वुडहाउस यांना संकटाची चाहूल वेळेवर लागली नाही.

जुलै १९४० मध्ये शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते. लूसचा तुरुंग, लिएजची बराक आणि उईचा किल्ला असे फिरवत त्यांना अखेर अप्पर सायलीशियातील टोस्ट येथे नेण्यात आले. तेथील वेड्यांच्या इस्पितळाचे छावणीत रूपांतर केलेले होते. अन्न अपुरे होते आणि त्यांचे वजन झपाट्याने उतरले. अशा स्थितीतही सकाळचे व्यायाम त्यांनी चुकवले नाहीत. आजूबाजूला बंदिवान पत्ते खेळत असताना ते पेन्सिलीने कादंबरी लिहीत राहिले. पुढे भाड्याने टाइपरायटरही मिळाला. ‘मनी इन द बँक’ ही कादंबरी याच छावणीत लिहून झाली. तिच्यात छावणीची सावली कोठेही नाही. इंग्लंडमधील एका मोठ्या घरातील हिऱ्यांचा तोच परिचित गोंधळ आहे.

साठी गाठण्याच्या काही महिने आधी, २१ जून १९४१ रोजी, त्यांची सुटका झाली. त्यानंतर बर्लिनहून अमेरिकन श्रोत्यांसाठी त्यांनी आपल्या बंदिवासावर पाच हलकीफुलकी भाषणे दिली. अमेरिकन वाचकांनी पाठवलेल्या पत्रांना उत्तर द्यावे, एवढाच आपला हेतू असल्याचे ते सांगत. भाषणांत नाझींची स्तुती नव्हती. परंतु इंग्लंडवर बॉम्ब पडत असताना शत्रूच्या नभोवाणीवरून इंग्रज लेखकाने विनोद करावा, हेच इंग्रज जनतेला असह्य झाले. जुलै १९४१ मध्ये पत्रकार विल्यम कॉनर यांनी बीबीसीवरून त्यांच्यावर देशद्रोहाचा जळजळीत आरोप केला. काही सार्वजनिक ग्रंथालयांनी त्यांची पुस्तके काढून टाकली.

येथे वुडहाउस यांची बाजू घेताना अनेक चाहते सारे काही भोळेपणाच्या खात्यावर टाकतात. ते पूर्णपणे पटत नाही. वर्षभर तारेच्या कुंपणामागे राहिलेल्या प्रौढ माणसाला आपण कोणाच्या यंत्रासमोर बोलत आहोत, हे कळायला हवे होते. मात्र अविवेक आणि देशद्रोह या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटिश गुप्तचर खात्याचे मेजर कसन यांनी १९४४ मध्ये पॅरिस येथे केलेल्या चौकशीचा निष्कर्षही खटला भरण्याजोगे काही नाही, असाच निघाला. दुर्दैव असे की हा अहवाल १९८० पर्यंत गुप्त राहिला आणि वुडहाउस यांना तो कधीच पाहायला मिळाला नाही. त्याच पॅरिसमध्ये त्यांना लिओनोराच्या निधनाची बातमी समजली. मे १९४४ मध्ये लंडनच्या रुग्णालयात एका साध्या शस्त्रक्रियेनंतर ती वारली होती. तेव्हाही त्यांचे लेखन खंडित झाले नाही. ते पाषाणहृदयी होते म्हणून लिहीत राहिले की लिहिले नसते तर कोसळले असते, याचे उत्तर त्यांच्या पत्रांवरून दुसऱ्या बाजूकडे झुकते.

रेमसेनबर्ग येथील दिनचर्या

१९४७ मध्ये पतिपत्नी अमेरिकेस गेले. इंग्लंडला वुडहाउस पुन्हा कधीच परतले नाहीत. १९५२ मध्ये एथेलने लाँग आयलंडवरील रेमसेनबर्ग या शांत गावी घर घेतले; जुने सहकारी बोल्टन जवळच राहत होते. १९५५ मध्ये वुडहाउस यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. त्यांच्या दिनचर्येचे सर्वांत तपशीलवार वर्णन याच काळातले आहे.

ते सकाळी साडेसातच्या सुमारास उठत आणि घराबाहेर जाऊन व्यायाम करीत. अमेरिकन क्रीडाशिक्षक वॉल्टर कँप यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात बसवलेले हे बारा प्रकार वुडहाउस १९२० च्या सुमारास शिकले, ते नव्वदी ओलांडेपर्यंत त्यांनी सोडले नाहीत. नंतर चहा, टोस्ट आणि मध अशी न्याहारी. न्याहारीच्या वेळी वाचायचे पुस्तक वेगळे ठेवलेले असे; ते बहुधा एखादी रहस्यकथा असायचे. नऊच्या सुमारास ते अभ्यासिकेत जात, पाईप पेटवून आरामखुर्चीत बसत, पेन्सिलीने मजकूर जुळवीत आणि मग टाइपरायटरकडे वळत. एकच्या सुमारास जेवण होई.

दुपारी कुत्र्यांना घेऊन ते फिरायला जात. सोबत अनेकदा बोल्टन असत. साडेतीनला दूरचित्रवाणीवरील एक दैनंदिन मालिका पाहण्याचा नेम होता आणि तो चुकलेला त्यांना खपत नसे. मग एथेलबरोबर चहा, सहा वाजता मार्टिनी, जेवण आणि रात्री वाचन. भटक्या कुत्र्यामांजरांना या घरात आश्रय मिळे, आणि प्राण्यांच्या अनाथालयाला या दांपत्याने मोठ्या देणग्या दिल्या. घरी आलेल्या पाहुण्यांना गप्पांतून विनोदाची मेजवानी मिळेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरे. वुडहाउस विनम्रपणे दोन शब्द बोलत आणि संधी मिळताच आपल्या खोलीकडे निघून जात. सारा विनोद सकाळी कागदावर खर्च झालेला असे.

अखेर

१५ जुलै १९६१ रोजी, म्हणजे कॉनर यांच्या भाषणानंतर बरोबर वीस वर्षांनी, कादंबरीकार ईव्हलिन वॉ यांनी बीबीसीवरून वुडहाउस यांची जाहीर पाठराखण केली. ब्रिटिश सरकारने मात्र १९७५ च्या नववर्ष सन्मानांपर्यंत वाट पाहिली. त्या यादीत त्यांना ‘सर’ हा किताब देण्यात आला. तेव्हा ते ९३ वर्षांचे होते.

किताब जाहीर झाल्यावर दीड महिन्यातच त्यांना साउदॅम्प्टन येथील रुग्णालयात दाखल करावे लागले. जाताना त्यांनी नव्या ब्लँडिंग्ज कादंबरीचे हस्तलिखित आणि टिपणे बरोबर नेली होती. १४ फेब्रुवारी १९७५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. नियोजित बावीस प्रकरणांपैकी सोळा प्रकरणांचा कच्चा खर्डा तयार होता. रिचर्ड अस्बोर्न यांनी तो संपादित करून ‘सनसेट ॲट ब्लँडिंग्ज’ या नावाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. उरलेल्या प्रकरणांसाठी वुडहाउस यांनी केलेली टिपणेही त्या पुस्तकात छापलेली आहेत.