डॉ. चार्ल्स ड्रू आणि रक्तद्रव

मनुष्याचें रक्त कांचेच्या नळींत घेऊन, तें गोठूं नये म्हणून त्यांत थोडें सायट्रेट मिसळून स्थिर ठेविलें, तर कांहीं तासांनीं ताकावर निवळी यावी त्याप्रमाणें त्यावर एक पिंवळसर पाणी दिसूं लागतें. तांबड्या पेशी तळाशीं बसतात. या वरच्या पाण्यास रक्तद्रव किंवा प्लाझ्मा म्हणतात. हा रक्तद्रव मोठ्या प्रमाणावर सांठवून समुद्रापार धाडण्याची व्यवस्था ज्यांनीं सिद्ध केली आणि तिच्याच दारांत ज्यांच्या वर्णाच्या लोकांचें रक्त नाकारलें गेलें, त्या डॉ. चार्ल्स ड्रू यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहरीं ता. ३ जून १९०४ रोजीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. वडील गालिचे बसविण्याचा धंदा करीत. आईचें शिक्षण अध्यापिकेचें झालें होतें. लहानपणीं चार्ल्स रस्त्यावर वर्तमानपत्रें विकीत असे. १९२० सालीं एल्सी नांवाची त्याची बहीण क्षयानें वारली, आणि त्या मृत्यूचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. तथापि शाळेंत व पुढें ॲमहर्स्ट कॉलेजांत त्याची कीर्ति झाली ती खेळाडू म्हणून. फुटबॉल व अडथळ्यांच्या शर्यती यांत त्याचा हात धरणारे थोडे होते. अभ्यासांत मात्र तो त्या वेळीं फारसा चमकला नाहीं, हें येथें सांगितलेंच पाहिजे.

१९२६ सालीं पदवी मिळाली, परंतु वैद्यकीय शिक्षणास पैसा नव्हता. म्हणून बाल्टिमोर येथील मॉर्गन कॉलेजांत दोन वर्षें खेळ व शास्त्रविषय शिकवून त्यांनीं द्रव्य जमविलें. त्या काळीं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस घेणारीं वैद्यकीय विद्यालयें अमेरिकेंत अगदीं थोडीं होतीं. ड्रू कॅनडांत मॉन्ट्रिऑल येथील मॅक्गिल विद्यापीठांत गेले, आणि १९३३ सालीं १३७ विद्यार्थ्यांत दुसरे आले. तेथेंच जॉन बीटी या अध्यापकांच्या सहवासांत रक्त देण्याच्या शास्त्राची त्यांस गोडी लागली.

आतां रक्तद्रवाकडे वळूं. प्रौढ मनुष्याच्या अंगांत सुमारें ५ लिटर रक्त असतें व त्यांत निम्म्याहून कांहींसा अधिक रक्तद्रव असतो. त्याच्या १०० भागांत ९० हून किंचित् अधिक पाणी, सात-आठ भाग प्रथिनें, आणि उरलेल्या अल्प भागांत क्षार, साखर, स्निग्ध पदार्थ, ग्रंथींचे स्राव व शरीरांतील टाकाऊ द्रव्यें असतात. अन्नरस पेशींपर्यंत पोंचविणें व घाण मूत्रपिंडांकडे नेणें हें काम त्याचेंच. त्यांतील अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन यकृतांत तयार होतें व पाण्यास रक्तवाहिन्यांत धरून ठेवितें. तें कमी झालें कीं अंगावर सूज येते. ग्लोब्युलिन प्रथिनांपैकीं कित्येक रोगजंतूंशीं झुंजतात. फायब्रिनोजेनचे तंतू होऊन जखमेवर रक्ताची गुठळी बसते. तें नसेल तर लहानशा जखमेंतूनहि रक्त थांबणें कठीण होईल.

जबर जखमी किंवा भाजलेला मनुष्य पुष्कळदां मरतो तो रक्तवाहिन्यांतील द्रव कमी पडून. अशा वेळीं तांबड्या पेशी नसल्या तरी नुसता रक्तद्रव देऊन प्राण वांचूं शकतो, आणि हाच मुद्दा ड्रू यांच्या कामाचा गाभा होय. १९३८ सालीं ते न्यूयॉर्क येथें कोलंबिया विद्यापीठांत जॉन स्कडर यांच्याबरोबर संशोधन करूं लागले. सबंध रक्त त्या काळीं सुमारें आठवडाभरच टिके. पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपे व पेशी फुटत. रक्तद्रव मात्र कितीतरी अधिक टिकतो. शिवाय अनेकांचा रक्तद्रव एकत्र केला कीं त्यांतील विरोधी द्रव्यें विरळ होतात, म्हणून घेणाराचा रक्तगट न पाहतांहि तो देतां येई. (अशा मिश्रणांतून काविळीचा प्रसार होतो, हें पुढें कळून आलें.) रक्तपेढीची कल्पनाच ड्रू यांची, असें कोणी लिहितात तें खरें नव्हे, शिकागो येथील एका रुग्णालयांत १९३७ सालींच तशी पेढी निघाली होती. ड्रू यांचें श्रेय सांठवणुकीची शास्त्रशुद्ध पद्धति बसविण्याचें. १९४० सालीं याच विषयावरील प्रबंधास कोलंबियाची उच्च पदवी मिळाली. त्यांच्या थोरल्या मुलीस घरीं बीबी म्हणत. इंग्रजींतील रक्तपेढी या शब्दाचीं तीं आद्याक्षरें होत!

त्याच वर्षीं इंग्लंडवर जर्मन विमानांचा भडिमार सुरू झाला. न्यूयॉर्कमधील रुग्णालयांनीं रक्तद्रव पाठविण्याचें योजिलें व त्याची सूत्रें ड्रू यांच्या हातीं आलीं. प्रत्येक रुग्णालयाची रीत निराळी, त्यामुळें कांहीं बाटल्यांत जंतू शिरत. ड्रू यांनीं सर्वत्र एकच पद्धत लावली व बाटल्यांची जंतुपरीक्षा सक्तीची केली. १९४१ च्या जानेवारीपर्यंत सुमारें १४,५०० लोकांनीं रक्त दिलें आणि ५,००० लिटरहून अधिक रक्तद्रव इंग्लंडला रवाना झाला. नंतर रेड क्रॉसनें अमेरिकन सैन्यासाठीं वाळविलेल्या रक्तद्रवाचा प्रयोग आरंभिला. त्याचेंहि चालकत्व त्यांच्याकडे आलें. ही भुकटी शुद्ध पाण्यांत विरघळविली कीं थोड्याच मिनिटांत रक्तद्रव तयार होई.

पण त्याच वर्षाच्या अखेरीस रेड क्रॉसनें सैन्याच्या इच्छेस अनुसरून कृष्णवर्णीयांचें रक्त घेण्याचें नाकारलें. गवगवा झाल्यावर १९४२ च्या जानेवारींत तें घेण्याचें ठरलें, तें गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळें ठेवण्याच्या अटीवर. ड्रू तोंवर हॉवर्ड विद्यापीठांत शस्त्रक्रियेचे मुख्य अध्यापक झाले होते. या भेदास शास्त्राचा कसलाहि आधार नाहीं असें त्यांनीं उघडपणें सांगितलें. रक्ताचे गट आहेत, पण ते काळ्यांतहि आहेत व गोऱ्यांतहि आहेत. अल्ब्युमिनचा कण कोणत्या कातडीखालून आला हें कोणतेंहि सूक्ष्मदर्शक यंत्र दाखवूं शकत नाहीं.

पुढील आयुष्य त्यांनीं तरुण कृष्णवर्णीय शल्यवैद्य तयार करण्यांत वेंचिलें. अमेरिकन वैद्यक संघाचें सभासदत्व मात्र त्यांस अखेरपर्यंत मिळालें नाहीं, कारण स्थानिक शाखेचें दार त्यांच्या वर्णास बंद होतें. ता. १ एप्रिल १९५० रोजीं टस्कीगी येथील वार्षिक वैद्यकीय शिबिरास जातांना, रात्रभराच्या प्रवासानंतर मोटार हांकतां हांकतां त्यांस डुलकी लागली व उत्तर कॅरोलिनांत बर्लिंग्टनजवळ गाडी उलटली. गोऱ्यांच्या रुग्णालयानें रक्त देण्याचें नाकारल्यामुळें ते मेले, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. ती खोटी आहे. तेथील गोऱ्या डॉक्टरांनीं त्वरित उपचार केले, असें अपघातांतून वांचलेल्या त्यांच्या सोबत्यानेंच सांगितलें आहे. जखमाच असाध्य होत्या. मृत्युसमयीं त्यांचें वय ४५ वर्षांचें होतें. रेड क्रॉसनें रक्ताच्या बाटल्यांची वर्णाप्रमाणें विभागणी बंद केली ती त्याच वर्षीं, त्यांच्या पश्चात्.