मराठी नावांच्या माशांचा कर्नल

मालेगाव (जि. वाशीम) : या परिसरात पडणाऱ्या पावसाच्या पाण्याला दोन वाटा आहेत. काही पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, पुढे तापीला आणि अरबी समुद्राला मिळते. काही पैनगंगेच्या मार्गाने गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला पोहोचते. या दोन्ही खोऱ्यांतील तलावांत आज प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडले जाते. हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. मग दख्खनच्या पाण्यातील स्वतःचे मासे कोणते, असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तरासाठी सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागते आणि तेथे भेटतो तो पेशवाईच्या पाडावात सहभागी असलेला एक इंग्रज लष्करी अधिकारी. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. पुढच्याच वर्षी लॉर्ड लेकच्या सैन्याबरोबर भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी लढाई पाहिली. नोव्हेंबर १८१७ मधील खडकी आणि पुण्याच्या लढायांतही ते होते. खडकीची लढाई मुळेच्या काठची. ज्या नदीकाठी त्यांनी पेशव्यांच्या फौजेशी सामना केला, त्याच नदीचे मासे पुढे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले जाणार होते.

१८२० मध्ये ते युरोपला गेले आणि चार वर्षे प्रवास करून परतले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ऑक्टोबर १८२४ मध्ये त्यांची सांख्यिकी अहवालकार म्हणून नेमणूक केली. जिंकलेला मुलूख मोजून घ्यायचा होता. गावे, माणसे, जमिनी, सारा, पिके, हवामान अशा सर्वांची नोंद करण्याचे हे काम होते. हेतू अर्थातच राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता आणि तो विसरून साइक्स यांच्याकडे पाहता येत नाही. मात्र साइक्स यांची जिज्ञासा सरकारी हुकमापाशी थांबली नाही. वायुभारमापकाची रोजची नोंद ते घेत. पक्षी, प्राणी, रेशीमकिडे आणि मासे यांचे नमुने गोळा करीत. १८२९ च्या अखेरीस सरकारने ते पदच रद्द केले. तरीही साइक्स यांनी रजा घेऊन अहवाल पुरे केले आणि १८३१ मध्ये भारत सोडला.

वऱ्हाड त्यांच्या पाहणीच्या हद्दीबाहेर राहिले. तो मुलूख तेव्हा निजामाचा होता. त्यांचे बरेचसे मासे पुण्याच्या मुळा-मुठेतील आणि भीमेतील आहेत. मायदेशी परतल्यावर त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची सूची लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. माशांवरील निबंध १८३८ मध्ये वाचला गेला, १८३९ मध्ये त्याचा सारांश छापला गेला आणि १८४१ मध्ये तो चित्रांसह सविस्तर प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णने होती आणि त्यांतील बहुतेक शास्त्राला नव्या होत्या.

या निबंधाचे वेगळेपण नावांत आहे. नव्या जातीला लॅटिन किंवा ग्रीक शब्दांवरून नाव देण्याचा तो काळ. साइक्स यांनी मात्र अनेक माशांची स्थानिक नावेच उचलली. शिंगटी, घोगरा, सांडखोल, कोळस, अलकुटी, खुद्री, मल्या ही नावे रोमन लिपीत थोडीफार वाकडी होऊन जगभरच्या ग्रंथांत गेली. रोहती या नावाने तर त्यांनी माशांची एक प्रजातीच स्थापन केली. नाकाडावर खोल खाच आणि पुढे शिंगासारखा उंचवटा असलेल्या माशाचे शास्त्रीय नाव नुक्ता आहे. मराठी कानाला त्यात नकटा ऐकू आल्यावाचून राहत नाही.

ही नावे साइक्स यांना सांगितली ती नदीवर जाळे टाकणाऱ्यांनी. मासा कोणत्या डोहात मिळतो, किती वाढतो, त्याला काय म्हणतात, हे ज्ञान त्यांचे होते. त्यांची स्वतःची नावे माशांच्या नावांत मात्र कोठेही आली नाहीत. उलट यारेल, ओवेन, ऑगिल्बी, व्हिगर्स आणि चिल्ड्रन या लंडनच्या विद्वानांच्या नावे दख्खनी मासे झाले. मुळा-मुठेतील मोठ्या मिशांच्या एका अजस्र माशाला त्या नदीशी काहीही संबंध नसलेल्या यारेल यांचे नाव मिळाले. त्या काळची रीत तशीच होती, असे म्हणता येईल. पण न्याय झाला असे म्हणवत नाही.

इंग्लंडमध्ये साइक्स यांची कारकीर्द चढती राहिली. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १८४० मध्ये कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबरडीनचे खासदार होते. चीनमधील तायपिंग बंडात ब्रिटनने हस्तक्षेप करू नये, अशी स्वपक्षीयांनाही अडचणीची वाटणारी भूमिका त्यांनी घेतली. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या माशांचा बहुतेक मूळ नमुनासंग्रह आज उपलब्ध नाही. त्यामुळे अभ्यासकांची बरीच अडचण झाली. कावेरीतील कुबडाच्या महसीरला दीर्घकाळ साइक्स यांच्या एका जातीचे नाव चिकटून राहिले होते. ते नाव वेगळ्याच प्रजातीतील माशाचे आहे, असे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले आणि त्या महसीरची खरी ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली. तोवर तो मासा नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. चुकीच्या नावाखाली असलेल्या प्राण्याला संरक्षणही नीट मिळत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये.

खुद्रीची कथा निराळी. या महसीरचे वर्णन साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील माशावरून केले होते. शहराचे सांडपाणी, धरणे आणि बाहेरून आलेले मासे यांनी ती नदी पुरती बदलली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांतून पुणे परिसरातील अनेक जुन्या जाती दिसेनाशा झाल्याचे पुढे आले. खुद्री मात्र लोणावळ्याजवळ टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या जलाशयांत टिकली. तेथे १९७० च्या दशकापासून तिचे कृत्रिम प्रजनन करण्यात आले आणि पिल्ले राज्यातील व राज्याबाहेरील पाण्यात सोडली गेली. कावेरीत सोडलेल्या खुद्रीनेच तेथल्या कुबडाच्या महसीरची जागा घेतल्याचे पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले.

काटेपूर्णा आणि पैनगंगेच्या वरच्या ओढ्यांत मूळचे कोणते मासे होते, याची साइक्स यांच्यासारखी नोंद त्या काळी कोणी केली नाही. ती माहिती असलीच, तर पिढ्यान् पिढ्या पाण्यावर असलेल्या भोई कुटुंबांतील वृद्धांच्या बोलण्यात आहे.