अर्व्हिंग लँगम्यूर : जागांचा हिशेब ठेवणारे शास्त्रज्ञ

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीबरोबरच संपला, अशी माझी समजूत होती. मग मी एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावयास का बसलो, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या घरामागील नाल्यात आहे.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत यंत्रमागांची खडखड ऐकतच आम्ही मुले वाढलो. माग आले म्हणजे सूत आले आणि सूत आले म्हणजे रंग आला. आमच्या नाल्याला कधी तांबडे पाणी येते, कधी निळे. शेजारच्या अज्जी त्याला बण्णद नीरु म्हणतात, माझी आई रंगाचे पाणी म्हणते. भाषा दोन, पाणी एकच! हे पाणी नुसते दिसायला वाईट असते असे नाही. गडद रंगामुळे सूर्यप्रकाश पाण्यातील वनस्पतींपर्यंत पोचत नाही, आणि काही रंगांच्या विघटनातून कर्करोगास कारणीभूत होणारी द्रव्ये तयार होतात.

विज्ञान शाखेतील माझ्या एका मित्राने प्रदर्शनासाठी भुईमुगाच्या टरफलांचा कोळसा केला आणि तो एका बाटलीत भरला. वरून मेथिलीन ब्लू या रंगाचे निळे पाणी ओतले की खालून स्वच्छ पाणी येई. पेले मोजण्याचे काम माझ्याकडे होते. पहिले अकरा पेले निर्मळ आले, बारावा किंचित निळसर, आणि पुढचे निळेच. कोळसा बिघडला, असे मला वाटले. मित्राने सांगितले की कोळसा बिघडलेला नाही, त्याच्यावरच्या जागा संपल्या. कसल्या जागा, असे मी विचारले, तेव्हा लँगम्यूर हे नाव मी प्रथम ऐकले.

अर्व्हिंग लँगम्यूर यांचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. चार भावांत ते तिसरे. वडील विमा व्यवसायात होते. जे पाहाल ते बारकाईने पाहा आणि लगेच टिपून ठेवा, ही शिस्त आईवडिलांनी मुलांना लावली होती. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर लहानपणापासून रोजकीर्द लिहिण्याची सवय! अर्व्हिंग यांची दृष्टी अधू असल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास चष्मा मिळाला आणि जग त्यांना प्रथमच स्पष्ट दिसू लागले. १९०३ साली कोलंबिया विद्यापीठातून ते धातुशास्त्राचे पदवीधर झाले आणि १९०६ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे नेर्न्स्ट यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

मायदेशी परतल्यावर होबोकेन येथील एका संस्थेत त्यांनी अध्यापन केले. तेथे शिकवण्यातच सारा वेळ जाई. १९०९ च्या उन्हाळ्यात ते स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत सुट्टीपुरते गेले आणि १९५० पर्यंत तेथेच राहिले. प्रयोगशाळेचे संचालक व्हिटनी यांनी त्यांना मनाजोगते संशोधन करू दिले. ताबडतोब नफा दिसत नसताना पगार चालू ठेवणारा असा मालक विरळाच म्हणायचा.

त्या काळी विजेचे दिवे आतून काळे पडत. आत हवेचा अंश उरतो म्हणून असे होते, तेव्हा निर्वात पोकळी आणखी चांगली करावी, अशी सर्वांची धारणा होती. लँगम्यूर यांनी उलट वाट धरली. दिव्यात निरनिराळे वायू मुद्दाम सोडून काय घडते ते त्यांनी पाहिले. टंगस्टनची तारच तापून हळूहळू उडून जाते आणि काचेवर बसते, हे त्यांना आढळले. नायट्रोजनसारखा वायू भरला आणि तारेचे वेटोळे केले तर हे उडणे मंदावते. १९१३ साली असा वायूभरित दिवा सिद्ध झाला आणि मग कंपनीला आपल्या धीराचे व्याजासह फळ मिळाले.

परंतु माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. या प्रयोगांत काचेला चिकटून राहणारी वाफ आणि वायू त्यांना सतत भेटत होते. पृष्ठभागावर असे चिकटून बसणे म्हणजे अधिशोषण. कोळसा द्रवातील रंग ओढून घेतो हे लोव्हिट्झ यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे १७८५ सालीच पाहिले होते. पण चिकटणे थांबते कुठे? १९१६ ते १९१८ या काळात लँगम्यूर यांनी त्याचे साधे उत्तर मांडले. पृष्ठभागावर ठरावीक जागा असतात आणि एका जागेवर एकच रेणू बसतो. काही रेणू येऊन बसतात, काही सुटून जातात. येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची गती सारखी झाली की समतोल साधतो. एकदा सगळ्या जागा भरल्या की थर पुरा झाला. हे वाचताना मला जमाखर्चाचे पान उघडल्यासारखे वाटले!

लँगम्यूर यांचे प्रयोग वायूंवरचे होते, रंगाच्या पाण्यावरचे नव्हते. पण त्यांचे समीकरण पुढे द्रवांनाही लावले गेले. आज भाताचे तूस, लाकडाचा भुसा, उसाची चिपाडे, नारळाची करवंटी अशा वस्तूंपासून रंग शोषणारा पदार्थ करणारे संशोधक त्याची कमाल क्षमता बहुधा याच समीकरणाने काढतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग ५०० ते १,५०० चौरस मीटर भरतो. जागा अफाट खऱ्या, पण अनंत नव्हेत.

पृष्ठरसायनातील या कार्याबद्दल १९३२ साली लँगम्यूर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कॅथरिन ब्लॉजेट या त्यांच्या सहकारी विदुषीने पातळ थरांचे काम पुढे नेले. मात्र १९४६ नंतर कृत्रिम पावसाच्या प्रयोगांत या काटेकोर माणसाचाही तोल काहीसा गेला. ढगांत बर्फकण तयार होतात हे खरे होते. पण आपल्या प्रयोगांमुळे दूरदूरच्या प्रदेशांत पाऊस पडला, हा त्यांचा दावा अनेक हवामानशास्त्रज्ञांनी व संख्याशास्त्रज्ञांनी मान्य केला नाही. हिशेबापेक्षा अधिक जमा धरण्याचा मोह थोरांनाही सुटत नाही. १६ ऑगस्ट १९५७ रोजी वुड्स होल येथे त्यांचे निधन झाले.

आता माझी एक चूक कबूल करतो. प्रदर्शन संपल्यावर बाटलीतला कोळसा मीच नाल्याकाठी ओतला. त्याच रात्री पाऊस झाला आणि सकाळी कोळसा जागेवर नव्हता. अकरा पेल्यांतून काढलेला रंग मी एका ढिगात करून पुन्हा नाल्यालाच दिला! कोळशाने रंग नष्ट केलाच नव्हता, नुसता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेला होता. लँगम्यूर यांचे म्हणणे मला समजले ते तेव्हा. वापरलेला कोळसा भट्टीत तापवून पुन्हा कामास लावावा लागतो, नाहीतर घातक कचरा म्हणून त्याची नीट विल्हेवाट लावावी लागते. तो खर्च मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

पुढच्या प्रदर्शनात मित्राच्या फलकावर दोन गोष्टी लिहिण्याचे आम्ही ठरवले आहे : किती पेले स्वच्छ आले, आणि नंतर कोळसा कुठे गेला. फलक अर्थातच मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असेल.