एकलव्याची लेखणी, ‘प्रभात’चा सूर

दुसऱ्याच्या गाण्यातील गुणदोष सांगणे एक आणि स्वतः चाल बांधून ती हजारो श्रोत्यांसमोर ठेवणे वेगळे. केशवराव भोळे यांनी ही दोन्ही कामे केली. मुंबईच्या ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने नामवंत गायकांचे परखड मूल्यमापन करणारे हे समीक्षक पुढे ‘प्रभात’च्या गाजलेल्या बोलपटांचे संगीत दिग्दर्शक झाले.

केशवरावांचा जन्म १८९६ साली अमरावतीचा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला आले, पण मन रमले ते गाण्यात. महाभारतातील एकलव्याप्रमाणे त्यांची विद्याही बरीचशी ऐकून, निरखून आणि पारखून मिळवलेली होती. गायकाचा आवाज, स्वरांचा लगाव, तालाची समज आणि शब्दांची फेक यांची ते बारकाईने चिकित्सा करीत. हे लेखन पुढे ‘आजचे प्रसिद्ध गायक’ या पुस्तकात संग्रहित झाले.

त्या काळी रंगभूमीवर ‘वन्समोअर’चे राज्य होते. एकेक पद अर्धा-अर्धा तास रंगे आणि नाटकाचे कथानक तेवढा वेळ खोळंबून राही. गाणे प्रसंगातून उमलावे आणि शब्दांचा अर्थ तानांखाली दडपला जाऊ नये, असे केशवरावांचे मत होते. ते सिद्ध करण्याची संधी त्यांना ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने दिली. १ जुलै १९३३ रोजी श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या या नाटकात मोजकी, आटोपशीर भावगीते होती. केशवरावांनी स्वरबद्ध केलेली ही गीते त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या कंठातून रसिकांपर्यंत पोहोचली.

त्याच वर्षी ‘प्रभात फिल्म कंपनी’ने कोल्हापूर सोडून पुण्यात बस्तान बसविले. कोल्हापूरच्या मुक्कामात कंपनीची संगीताची धुरा गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या दिग्गजाने वाहिली होती. पुण्यात ती केशवरावांकडे आली आणि ‘अमृतमंथन’पासून (१९३४) त्यांची नवी कारकीर्द सुरू झाली. इतरांना लावलेले निकष आता त्यांना स्वतःलाच लागू होणार होते.

‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) ते या कसोटीला उतरले. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांच्या तोंडी असलेले अभंग मैफलीचे न वाटता देहूच्या वाळवंटातले वाटतात. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद तर खुद्द तुकोबांचेच आहे, असा अनेकांचा समज झाला. या समजाचे श्रेय जेवढे कवीच्या शब्दांना, तेवढेच भोळ्यांच्या साध्या चालीला द्यावे लागेल.

पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ने त्यांची वेगळी परीक्षा पाहिली. जरठ-कुमारी विवाहाच्या या कथेत पार्श्वसंगीताला फाटा देण्यात आला होता. प्रसंगात स्वाभाविकपणे असतील तेवढेच ध्वनी वापरायचे, असा दंडक होता. संगीत दिग्दर्शकाच्या हातातील हुकमी साधनच त्यामुळे गेले. केशवरावांनी ही मर्यादा पाळली. शांता आपटे यांनी गायिलेली लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही त्यांनी याच चित्रपटात बसविली. वारकऱ्यांच्या अभंगानंतर अवघ्या वर्षभरात इंग्रजी कविता, एवढा त्यांच्या प्रतिभेचा पल्ला होता. ‘माझा मुलगा’, ‘संत ज्ञानेश्वर’ आणि ‘संत सखू’ यांचे संगीतही त्यांचेच.

चित्रपटसृष्टीत नाव झाले तरी केशवरावांमधील समीक्षक निवृत्त झाला नाही. ‘संगीताचे मानकरी’, ‘अस्ताई’, ‘अंतरा’ ही त्यांची पुस्तके संगीतविषयक मराठी लेखनात मोलाची मानली जातात. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या ग्रंथात तर त्यांनी आपल्याच चालींची घडण उलगडून दाखविली. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. एकेकाळी इतरांच्या गाण्याचा हिशेब मागणाऱ्या ‘एकलव्या’ने आपल्या संगीताचाही हिशेब वाचकांपुढे मांडून ठेवला होता.