उपाध्यक्ष व्हायलाच तयार नसलेले हॅरी ट्रुमन ८२ दिवसांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कसे झाले?

अमेरिकेत निवडणूक आली की राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराइतकीच चर्चा त्याच्या रनिंग मेटची, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची होते. तो कुठल्या राज्यातला आहे, कुणाची मतं आणेल, कुणाला नाराज करेल, याची गणितं मांडली जातात.

पण जुलै १९४४ मध्ये शिकागोत जमलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बड्या नेत्यांपुढचा पेच वेगळा होता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहत होते आणि त्यांची तब्येत पार ढासळली होती. मार्चमध्ये डॉक्टरांना त्यांचं हृदय कमजोर आणि रक्तदाब धोकादायक असल्याचं आढळलं होतं. हे लोकांपासून लपवलं गेलं, पण जवळून बघणाऱ्या नेत्यांना अंदाज होता. आपण उपाध्यक्ष नाही, पुढचा राष्ट्राध्यक्ष निवडतोय, हे त्यांना कळत होतं.

त्यांनी निवडलेला माणूस म्हणजे हॅरी एस. ट्रुमन.

ट्रुमन यांचा जन्म ८ मे १८८४ चा, मिसूरी राज्यातल्या लमार गावचा. नावातल्या ‘एस’ला अर्थ नाही. दोन्ही आजोबांच्या नावांत एस होता, म्हणून नुसतं अक्षरच ठेवलं. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा, कॉलेजची पदवी नाही, दहाएक वर्षं शेतीत गेलेली. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये तोफखान्याचे कॅप्टन होते. परत आल्यावर मित्रासोबत कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं. ते १९२२ मध्ये बुडालं आणि कर्ज फेडण्यात पुढची बरीच वर्षं गेली.

त्यानंतर ते राजकारणात आले ते टॉम पेंडरगास्ट यांच्या आशीर्वादाने. हे पेंडरगास्ट म्हणजे कॅन्सस सिटीचे किंगमेकर, पुढे करचुकवेगिरीत तुरुंगात गेले. त्यामुळे १९३४ मध्ये सिनेटवर गेलेल्या ट्रुमन यांच्याकडे सुरुवातीला दुसऱ्याचा प्यादा म्हणूनच बघितलं जायचं. तो शिक्का पुसला १९४१ पासूनच्या चौकशी समितीने. लष्करी कंत्राटांतली उधळपट्टी या समितीने उघडी पाडली आणि ट्रुमन देशभर माहीत झाले.

आता पुन्हा १९४४ कडे.

उपाध्यक्ष होते हेन्री वॅलेस. १९४० मध्ये पक्षाला ते नको होते, पण तेच हवेत नाहीतर मी उभाच राहत नाही, असं म्हणून रूझवेल्ट यांनी ते लादले होते. कामगार संघटनांचा वॅलेस यांच्यावर जीव होता. दक्षिणेतल्या नेत्यांना मात्र ते फार डावे वाटायचे. शिवाय त्यांना अध्यात्माची ओढ. आपल्याकडे कुलूला स्थायिक झालेले रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांच्या प्रभावाखाली ते काही काळ होते, आणि तेही पक्षातल्या लोकांना खुपत होतं.

दुसरं नाव जेम्स बर्न्स यांचं. अनुभव दांडगा, पण ते साउथ कॅरोलायनाचे. कामगार नेते आणि उत्तरेतले कृष्णवर्णीय मतदार त्यांच्यावर नाराज, त्यात कॅथलिक धर्म सोडल्यामुळे कॅथलिक मतंही जाण्याची भीती. तिसरे होते न्यायमूर्ती विल्यम डग्लस. त्यांच्यामागे पक्षातलं कुणी फारसं नव्हतं.

अशी एकेक नावं गळत गेली आणि ट्रुमन उरले. मिसूरी धड उत्तरेत नाही, धड दक्षिणेत नाही. कामगारांचा विरोध नाही, सिनेटमध्ये शत्रू नाहीत. ते कुणाचीच पहिली पसंती नव्हते, पण कुणी त्यांच्या नावाला हरकतही घेत नव्हतं.

रूझवेल्ट यांनी मात्र गोंधळ घालून ठेवला होता. समोर येईल त्याला खूश करून पाठवायची त्यांची सवय. वॅलेसना वाटलं आपणच, बर्न्सनाही वाटलं आपणच. पक्षाध्यक्ष रॉबर्ट हॅनेगन यांच्या खिशात मात्र ट्रुमन आणि डग्लस या दोघांची नावं असलेली रूझवेल्ट यांची चिठ्ठी होती.

आणि ट्रुमन? ते शिकागोला आले होते बर्न्स यांचं नाव सुचवायला! त्यांना सिनेटमध्येच राहायचं होतं, पत्नी बेस यांनाही हे पद नको होतं. शेवटी ब्लॅकस्टोन हॉटेलच्या खोलीतून हॅनेगन यांनी रूझवेल्टना फोन लावला, तोही ट्रुमनना ऐकू जाईल असा. ऐन युद्धात पक्ष फोडायचा असेल तर ती जबाबदारी ट्रुमन यांची, असं रूझवेल्टनी सुनावलं. त्यानंतर ट्रुमन यांच्याकडे पर्याय उरला नाही.

तरीही लढत झालीच. २० जुलैच्या रात्री सभागृह वॅलेस यांच्या घोषणांनी दणाणलं, तेव्हा नेत्यांनी घाईघाईत अधिवेशन तहकूब करून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॅलेसना ४२९.५, तर ट्रुमनना ३१९.५ मतं पडली. दुसऱ्या फेरीत एकेक राज्य फिरलं आणि ट्रुमन १,०३१ मतांनी जिंकले. रात्री मतदान झालं असतं तर? इतिहासकार यावर अजून वाद घालतात.

गंमत म्हणजे, एवढी उलथापालथ करून निवडलेल्या माणसाला रूझवेल्टनी काहीच सांगितलं नाही. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. भारतात राष्ट्रपतींचं निधन झालं तर उपराष्ट्रपती फक्त हंगामी काम बघतात आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. अमेरिकेत उपाध्यक्ष उरलेली सगळी मुदत राष्ट्राध्यक्ष होतो. ट्रुमन यांच्या वाट्याला जवळपास चार वर्षं आली. अणुबॉम्ब बनतोय याची सविस्तर माहिती त्यांना मिळाली २५ एप्रिलला. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले. मार्शल प्लॅन, नाटो, लष्करातला वंशभेद संपवणारा आदेश, कोरियाचं युद्ध, हे सगळं त्यांच्याच काळातलं.

१९४८ मध्ये स्वतःचा रनिंग मेट निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आधी विचारलं डग्लसना. डग्लसनी नकार दिला. मग ७० वर्षांचे आल्बन बार्कली आले. १९४९ मध्ये कायद्यात बदल होऊन उपाध्यक्षाला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत हक्काची जागा मिळाली आणि बार्कली तिथे बसणारे पहिले उपाध्यक्ष ठरले.

ट्रुमन २६ डिसेंबर १९७२ ला वारले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डेमोक्रॅटिक पक्षाने मिसूरीचेच सिनेटर थॉमस ईगलटन यांना घाईत रनिंग मेट केलं होतं. नैराश्यावर त्यांनी घेतलेले विजेच्या झटक्यांचे उपचार बाहेर आले आणि १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. आज रनिंग मेट ठरवण्याआधी वकिलांच्या फौजा इच्छुकांचे आजार, कर आणि जुनी भाषणं तपासतात, ते ईगलटन प्रकरणानंतर.