सोलापूरचा यंत्रमाग आणि घरगुती टेस्ला कॉइल, दोन्हींमागे डोकं एकच: निकोला टेस्ला

सोलापुरात राहून यंत्रमागाचा खडखडाट ऐकला नाही, असा माणूस सापडणं अवघड. चादर असो की टॉवेल, ते माग फिरवते एसी इंडक्शन मोटर. तिकडे कॉलेजच्या प्रदर्शनात पोरं तांब्याची तार गुंडाळून हवेत विजेच्या ठिणग्या उडवतात, ती टेस्ला कॉइल. या दोन्हींशी जोडलेलं नाव म्हणजे निकोला टेस्ला.

त्याचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावातला. वडील धर्मगुरू. आई शाळेत गेली नव्हती, पण सूत कातायची, विणायची आणि लागणारी अवजारं स्वतःच बनवायची. जोडाजोडीचं वेड आपल्याला तिच्याकडूनच मिळालं, असं टेस्ला मानायचा.

१८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. एडिसनच्या कंपनीत काही महिन्यांतच बिनसलं. पुढे पोटासाठी त्याने खड्डे खणायची मजुरीही केली. १८८८ मध्ये एसी मोटरची पेटंट मिळाली, वेस्टिंगहाऊसने हक्क घेतले आणि दिवस पालटले.

आलेला पैसा प्रयोगांत गेला. १८९१ मध्ये तयार झाली टेस्ला कॉइल. तिच्यात ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, ठिणगीसाठी छोटी फट, जाड तारेचे मोजके वेढे आणि बारीक तारेचे शेकडो वेढे असतात. कपॅसिटर भरला की फटीत ठिणगी पडते आणि वीज जाड तारेत उसळते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसा बारीक तारेतला दाब लाखो व्होल्टपर्यंत चढतो. त्यासाठी दोन्ही गुंडाळ्यांची कंपनं जुळावी लागतात. खरी मेख तिथेच आहे.

भाग साधेच. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला टेस्लाने पाण्याच्या बाटल्यांत मिठाचं पाणी भरून कपॅसिटर बनवले होते. आजही पोरं पीव्हीसी पाइपवर तार गुंडाळून कॉइल करतात. मात्र स्विच बंद केल्यावरही भरलेला कपॅसिटर जीव घेऊ शकतो, त्यामुळे जाणकार सोबत हवाच.

बिनतारी वीज पाठवण्यासाठी १९०१ मध्ये मॉर्गनच्या पैशावर त्याने मनोरा उभारायला घेतला. पैसा आटला आणि १९१७ मध्ये तो मनोरा पाडला गेला. ७ जानेवारी १९४३ ला टेस्ला न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत एकटाच गेला, डोक्यावर कर्ज ठेवून. मोटरची पेटंट तर त्याच्या हातातून केव्हाच गेली होती.