फ्रेड आर्चर : आकडा, गुण आणि लौकिक



एखाद्या गाजलेल्या व्यक्तीचे चरित्र वाचताना आपण दोन वेगळे प्रश्न नकळत एकत्र करतो. या व्यक्तीच्या ठायी कोणते गुण होते, हा पहिला प्रश्न. आणि लोकांनी तिला काय मानले, हा दुसरा. आपल्या भाषेने हा भेद शब्दांतच जपून ठेवला आहे. गुण माणसाच्या अंगी असतो. कीर्ती आणि कीर्तन हे शब्द मात्र एकाच धातूपासून आलेले आहेत; म्हणजे कीर्ती होण्यासाठी कोणीतरी तोंडाने बोलावे लागते. लौकिक तर उघडच लोकांच्या हाती असतो. हा भेद ध्यानात ठेवून आपण या घटकात एका इंग्रज जॉकीचे, म्हणजे शर्यतीच्या घोडेस्वाराचे, चरित्र पाहणार आहोत. जॉकी हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. कवीची कविता त्याची एकट्याची असते. जॉकीचा विजय मात्र त्याच्या घोड्याचाही असतो. त्यात स्वाराचा वाटा किती, हे ठरवायचे कसे?

१. घराणे आणि उमेदवारी

फ्रेड आर्चरचा जन्म ११ जानेवारी १८५७ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. त्याचे वडील विल्यम आर्चर हे अडथळ्यांच्या शर्यतींतील नावाजलेले जॉकी होते. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथे होणारी ग्रँड नॅशनल ही अशा शर्यतींतली सर्वांत अवघड शर्यत. ती त्यांनी १८५८ मध्ये लिटल चार्ली या घोड्यावर बसून जिंकली. पुढे ते चेल्टनहॅमजवळच्या प्रेस्टबरी या गावी खाणावळवजा मद्यगृह चालवू लागले.

अडथळ्यांच्या शर्यतीत कुंपणे, खंदक ओलांडून जायचे असते. तेथे जॉकीची पारख सोपी वाटते : जो खोगिरावर टिकला तो चांगला. परंतु ही परीक्षा किती निष्ठुर आहे, हे आर्चर घराण्याने जवळून पाहिले. फ्रेडचा थोरला भाऊ विल्यम १८७८ मध्ये चेल्टनहॅमच्याच शर्यतीत घोड्यावरून पडून मरण पावला. स्वतः फ्रेडचा पहिला विजयही अडथळ्यांच्या शर्यतीतला होता. १८६९ मध्ये बँगोर येथे मेड ऑफ ट्रेंट या घोडीवर तो जिंकला, तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता.

त्याआधीच, १८६८ मध्ये, वडिलांनी त्याला न्यूमार्केट येथील मॅथ्यू डॉसन या नामांकित प्रशिक्षकाच्या पागेत उमेदवारीसाठी ठेवले होते. तेथे तो सपाट मैदानावरच्या शर्यतींकडे वळला. या शर्यतींत अडथळे नसतात, त्यामुळे टिकून राहणे एवढ्याने भागत नाही. घोड्याचा वेग केव्हा राखायचा आणि केव्हा मोकळा सोडायचा, हा अंदाज तेथे निर्णायक ठरतो. १८७२ मध्ये आर्चरने सिझॅरविच ही लांब पल्ल्याची शर्यत जिंकली. तेव्हा त्याच्या घोड्यावरचे भारमान सुमारे ३५ किलो होते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

२. आकड्यांची साक्ष

१८७४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, आर्चर वर्षभरात सर्वाधिक शर्यती जिंकणारा जॉकी ठरला. हा मान त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे सलग तेरा वर्षे, कोणीही त्याच्याकडून हिरावून घेऊ शकले नाही. एकूण ८,०८४ शर्यतींपैकी त्याने २,७४८ जिंकल्या. याचा अर्थ, तो तीनदा मैदानात उतरला की एकदा जिंकूनच परतत असे. एकट्या १८८५ या वर्षात त्याने २४६ विजय मिळवले. हा विक्रम गॉर्डन रिचर्ड्सने १९३३ मध्ये मोडेपर्यंत अबाधित होता. इंग्लंडमध्ये ज्या पाच शर्यती सर्वश्रेष्ठ मानल्या जातात, त्यांत त्याचे २१ विजय आहेत. त्यांपैकी पाच डर्बीतले.

आकडे इतके भक्कम असल्यावर आणखी काय बोलायचे, असे तुम्हांला वाटेल. पण थोडे थांबा. ज्या रिचर्ड्सने हा विक्रम मोडला, त्याने आयुष्यात ४,८७० शर्यती जिंकल्या. डर्बी मात्र एकदाच, तीही १९५३ मध्ये, कारकीर्द संपत आली असताना. आर्चरचा ज्येष्ठ समकालीन जॉर्ज फोर्डहॅम हा अत्यंत हळुवार हाताचा, कसबी जॉकी म्हणून जाणकारांत मानला जाई. त्याच्याही नावावर एकच डर्बी आहे, १८७९ मधली. डर्बीच्या विजयांवरून गुण ठरवायचा, तर हे दोघेही आर्चरच्या एकपंचमांश ठरतील. घोडेशर्यतींचा कोणताही अभ्यासक असे म्हणणार नाही.

आर्चरच्या टीकाकारांचा आक्षेप नेमका याच ठिकाणी होता. डॉसनच्या पागेतले उत्तम घोडे त्याच्या वाट्याला येत. लॉर्ड फॉलमथ यांच्यासारखा धनाढ्य आणि सचोटीचा मालक त्याला लाभला होता. १८७७ मधली त्याची पहिली डर्बी त्यांच्याच सिल्व्हिओ या घोड्याने जिंकून दिली. शिवाय जिंकण्याची अधिक शक्यता असलेला घोडा मिळवण्यासाठी तो स्वतःही अविश्रांत धडपडत असे. आकडा वाढला की चांगला घोडा मिळतो, आणि चांगला घोडा मिळाला की आकडा वाढतो. या चक्रातून गुण वेगळा काढायचा कसा?

३. एका हाताची डर्बी

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १८८० ची डर्बी पाहू. शर्यतीला काही आठवडे उरले असताना म्युली एड्रिस नावाच्या घोड्याने आर्चरच्या दंडाचा लचका तोडला. जखम गंभीर होती. तरीही हात बांधून, तो जवळजवळ निकामी असताना, आर्चर बेंड ऑर या घोड्यावर बसला. टॅटनहॅमच्या वळणावर त्याने घोडा आतल्या कठड्याला इतका खेटून आणला, की आपला पाय त्याला वर उचलून घ्यावा लागला. शेवटच्या क्षणी त्याने पुढे असलेल्या रॉबर्ट द डेव्हिल या घोड्याला गाठले आणि केवळ डोक्याएवढ्या अंतराने शर्यत जिंकली.

त्यानंतर वाद सुरू झाला. रॉबर्ट द डेव्हिलचा जॉकी रॉसिटर याने अखेरच्या टप्प्यात मागे वळून पाहिले आणि तेथेच शर्यत घालवली, असे अनेकांचे म्हणणे पडले. म्हणजे आर्चर जिंकला की रॉसिटर हरला? त्याच वर्षी सेंट लेजर या शर्यतीत हे दोन घोडे पुन्हा समोरासमोर आले. बेंड ऑरवर आर्चरच होता. रॉबर्ट द डेव्हिलवर मात्र टॉम कॅनन हा मुरलेला जॉकी बसला होता. या वेळी रॉबर्ट द डेव्हिल जिंकला आणि बेंड ऑर मागे पडला.

आकड्यांच्या हिशेबात ही आर्चरच्या नावावरची एक हार आहे. परंतु नीट पाहिले तर हीच हार त्याच्या डर्बीतल्या कौशल्याची साक्ष देते. दुसरा घोडा कदाचित अधिक बलवान होता, आणि तरीही आर्चरने त्याला एकदा हरवले होते. अर्थात सेंट लेजरचे अंतर डर्बीपेक्षा अधिक असते, तेव्हा हा पुरावा निर्णायक मानता येणार नाही. पण चरित्रकाराला बहुधा अशाच पुराव्यांवर काम करावे लागते. जेथे घोडा कमी पडतो आणि तरीही अंतर डोक्याएवढेच उरते, तेथेच स्वाराचा वाटा दिसू लागतो. १८८६ मध्ये आर्चरने याच बेंड ऑरचा पुत्र ऑर्मंड याच्यावर बसून डर्बी जिंकली. ऑर्मंड आयुष्यात कधीच हरला नाही. म्हणूनच त्या सोप्या विजयातून आर्चरच्या गुणांविषयी आपल्याला फारसे कळत नाही.

४. लौकिकाची दुसरी बाजू

आर्चरला लोकांनी टिनमन असे टोपणनाव दिले होते. टिन या शब्दाला त्या काळच्या बोली इंग्रजीत पैसा असा अर्थ होता. एका बाजूला लोक त्याच्या घोड्यावर डोळे मिटून पैसे लावत, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या पैशाच्या ओढीवर बोट ठेवत. लौकिक असा दुधारी असतो.

१८८३ च्या डर्बीत हे तीव्रपणे जाणवले. आर्चर लॉर्ड फॉलमथ यांच्या गॅलियार्ड या घोड्यावर होता. तो तिसरा आला. दुसरा आलेला हायलंड चीफ हा घोडा आर्चरचा भाऊ चार्ल्स याने तयार केलेला होता. एवढ्यावरून कुजबुज सुरू झाली, की भावासाठी आर्चरने स्वतःचा घोडा रोखला. पुढच्या वर्षी फॉलमथ यांनी आपले घोडे विकून टाकले, तेव्हा या कुजबुजीला आणखी बळ मिळाले. आरोप कधीही सिद्ध झाला नाही. मुळात पहिला आलेला घोडा सेंट ब्लेझ होता. त्याचा आर्चर बंधूंशी संबंध नव्हता. पण अफवेला पुराव्याची गरज नसते. वर्षानुवर्षे हमखास जिंकणारा माणूस हरला, की लोकांना कारण हवे असते. तो साधेपणाने हरू शकतो, हे त्यांना पटत नाही.

५. शरीराने भरलेली किंमत

आता तो ३५ किलोंचा आकडा आठवा. आर्चर पुढे उंच वाढला. हिवाळ्यात, शर्यती नसताना, त्याचे वजन ७० किलोंच्या घरात जाई. हंगाम सुरू झाला की उपासमार, बाष्पस्नाने आणि एका डॉक्टरने बनवून दिलेले कडक रेचक यांच्या आधाराने तो ते खाली आणी. १८८३ च्या जानेवारीत त्याने मॅथ्यू डॉसन यांच्या पुतणीशी, हेलन रोजशी, विवाह केला. पहिला मुलगा जन्मताच दगावला. ८ नोव्हेंबर १८८४ रोजी, मुलीला जन्म दिल्यानंतर, हेलनही गेली. वर सांगितलेले २४६ विजय हे या दुःखाच्या पुढच्याच वर्षातले आहेत. आकडा हे सांगत नाही.

केंब्रिजशायर ही मोठी शर्यत आर्चरने कधी जिंकली नव्हती. १८८६ च्या ऑक्टोबरात सेंट मिरिन या घोड्यावर बसण्यासाठी त्याने तीन दिवस अन्न वर्ज्य केले आणि वजन सुमारे ५४ किलोंवर आणले. तरीही ठरवून दिलेल्या वजनापेक्षा एक पौंड अधिकच भरले. शर्यतीत तो हरला, डोक्याएवढ्या अंतराने. काही दिवसांतच त्याला विषमज्वराने गाठले. पत्नीच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, ८ नोव्हेंबर १८८६ रोजी, त्याने न्यूमार्केट येथील आपल्या घरी स्वतःचे जीवन संपवले. तो २९ वर्षांचा होता. तापाने बुद्धी स्थिर नसताना हे घडले, असा निष्कर्ष चौकशी करणाऱ्या पंचांनी काढला.

६. समारोप

आर्चर थोर जॉकी होता, याविषयी आज दुमत नाही. पण हे आपण कशावरून म्हणतो, ते तपासून पाहा. आकडा त्याचे सातत्य दाखवतो, घोड्याचा वाटा मात्र झाकतो. लौकिक लोकांचा विश्वास दाखवतो, पण त्याच विश्वासातून संशय जन्माला घालतो. गुण दिसतो तो बेंड ऑरसारख्या अटीतटीच्या प्रसंगी. आणि या तिन्हींसाठी माणसाने काय मोजले, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते. ते शोधून आपल्यापुढे ठेवणे हेच चरित्राचे काम आहे. आर्चरला जो एक पौंड उतरवता आला नाही, तो शर्यतीच्या नोंदीत जादा भार ठरतो. चरित्र वाचणाऱ्याने मात्र तो उपाशी माणसाच्या अंगावरचा पौंड म्हणून वाचायला हवा.

विचार करा

१. गुण, कीर्ती आणि लौकिक या शब्दांतील अर्थभेद तुमच्या परिचयाच्या एखाद्या कलावंताच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. १८८० ची डर्बी आणि त्याच वर्षीची सेंट लेजर यांची तुलना करून, हारदेखील गुणाचा पुरावा कशी ठरू शकते, ते लिहा.

३. चरित्रकाराने अफवेचा उल्लेख करावा की टाळावा? गॅलियार्डच्या प्रसंगाच्या आधारे आपले मत मांडा.